तुळसाकाकीची माटवी

मी पिएदाद, मालवणात मराठी शाळेत शिकवायचे. गणपती आम्हा ख्रिस्त्यांत नसतो, पण आमच्या मेढा वाडीतल्या कुणाचा गणपती कुठं असतो ते मला तोंडपाठ. हे ज्ञान माझ्या शेजारणीचं, तुळसाकाकीचं. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता. तो वारला तेव्हा मागं एक कौलारू घर राहिलं, मूलबाळ काही नाही. काकी दिराच्या पडवीत राहायला गेली आणि आपलं घर भाड्यानं देऊन जगू लागली.

भाडेकरू पारखायची तिची रीत ऐका. नोकरीधंदा मागाहून. आधी अंगणात उभं करून विचारायची, "तुमचो गणपती खंय?" मालवणातच म्हणाला, की पाणी पाजून वाटेला लावायची. लांबच्या गावी म्हणाला, की किल्ली हातात! मी हसले तर मलाच दटावायची. "हसतंस काय गो? चवथीक कुलूप लावन गावाक जाता, त्याचा घर थंय आसा. तो कधी ना कधी जातलो. ज्याचो गणपती हंय, तो कित्याक हलतलो?"

आणि खरंच, बदलीवर आलेली माणसं यायची, राहायची, निमूट जायची. मग सत्तावन्न साली गुरुदास आला. कचेरीत कारकून, गाव कणकवलीकडं, गणपती गावच्या घरी. बायको, पोरं, आणि तोंडात नुसती साखर. काकीला तो आये म्हणायचा. काकी विरघळली. आपण गणपतीची चौकशी का करतो, तेही तिनं त्याला कौतुकानं सांगून टाकलं. स्वतःच्या तोंडानं, अगं बाई!

एका वर्षी चवथीच्या आधी मेला तोंड पाडून आला. भावांशी भांडण झालं म्हणे, घराबाहेर काढलं म्हणे. "आये, एकच वर्स गणपती हंय आणूक दी. पोरां रडतत."

मी काकीला परोपरीनं सांगितलं, नको. ती माझ्यावरच उखडली. "पोरांक गणपती नको? तुका काय कळता!" खरं म्हणजे तो तिलाच हवा होता. त्या घरात गणपती कधी आलाच नव्हता, तो दिराकडं थोरल्या घरात असायचा. नवऱ्यानं मात्र हौसेनं फणसाच्या लाकडाची माटवी करून ठेवली होती, मूर्तीच्या वर टांगायची चौकट. कधीतरी आपला वेगळा गणपती आणू म्हणायचा. काकीनं ती माळ्यावरून काढली, तेल लावून पुसली, आंब्याचे टाळे आणि रानातली कवंडळाची फळं स्वतः बांधली. आरतीला उभी होती तेव्हा इतकी सुखात दिसली, की माझीसुद्धा बोलायची छाती झाली नाही.

त्या एका वर्षानंतर गणपती दरवर्षीच तिथं येऊ लागला. पुढं दीर वारला, आणि पुतण्याच्या बायकोनं काकीचं अंथरूण गोठ्याशेजारी टाकलं. काकी गुरुदासकडं गेली. "बाबा, आता माझा घर माका होया. माका माझ्या घरात मराचा आसा." त्यानं चहा पाजला, गोड हसला, आणि जागचा हलला नाही. शेवटी कोर्ट. मी सोबत गेले.

तिथं उभा राहून आमचा गुरुदास एकदम शुद्ध बोलायला लागला. "साहेब, मला दुसरं घर नाही. माझा गणपती इथंच येतो, वाडीला विचारा. बाईंचा गणपती दिराच्या घरी, म्हणजे त्यांचं घर तिथं. मी पोरांना घेऊन कुठं जाऊ?" काकीचीच पारख, तिच्यावरच उलटवलेली! त्याच्याकडं भजनाला जाणारे शेजारी साक्षीला आले. खोटं कुणीच बोललं नाही, गणपती तिथं येतच होता. साहेबांनी विचारलं, परवानगी कुणी दिली? काकी म्हणाली, "मिया दिलंय." निकाल लागला, बाईंना दिराचं घर आहे, बेघर होईल त्या भाडेकरूची अडचण मोठी. गुरुदास राहिला.

काकी कोर्टाच्या पायरीवर बसली. "माका आये म्हणी गो तो," एवढंच परत परत म्हणत राहिली. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आजही वाटते.

पुढच्या चवथीला सकाळी बघते तर काकीच्या घराला कुलूप. गुरुदास बायकापोरांना घेऊन गावी गेला होता, भावांकडं, गणपतीला. तिथल्या गणपतीतला त्याचा वाटा कधी तुटलाच नव्हता. भांडण कसलं नि काय! केसानं गळा कापला त्यानं. मी रस्त्यात उभी राहून त्याचा उद्धार करत होते, तर काकी खिडकीचे गज धरून आत बघत होती. आत रिकामी माटवी टांगलेली होती.

"ऱ्हवांदे त्याका," ती म्हणाली. "माका माझ्या घोवाची माटवी तेवडी काढून दी गो."

मी गजांतून हात घातला. माटवीपर्यंत पोचला नाही, आणि पोचला असता तरी ती गजांतून बाहेर येण्यासारखी नव्हती. किल्ली कणकवलीकडं होती, गुरुदासच्या खिशात.