मुकुट मोजायचा नसतो

दिव्यात सकाळची दुसरी वात नुकतीच पेटली होती आणि आमेनवाचा कुंचला राजाच्या मुकुटाच्या टोकापर्यंत पोहोचला होता. लाल रंगात भिजवलेल्या सुताने भिंतीवर चौकोन पाडलेले होते. राजाच्या थडग्यातली उजवी भिंत आमेनवाकडे होती, डावी नाखीकडे.

नाखी पाणी प्यायला वळला आणि थबकला.

"आमेनवा, तुझ्या राजाला ताप आलाय का रे? समोरच्या देवाच्या जेमतेम खांद्याला लागतोय."

"बरळू नकोस."

"मोज की मग."

आमेनवाने भिंतीला नाक टेकवून मोजलं. अठरा चौकोन भरले, पण मुकुटाच्या टोकापर्यंत. मुकुट मोजायचा नसतो. तो आज बसका असतो, उद्या उंच. राजा मात्र तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकोनांचा, समोरच्या देवाच्या बरोबरीचा. हा शिकाऊपणीचा पहिला धडा. आमेनवा तो विसरला नव्हता. वरच्या रेषा त्याला दिसल्याच नव्हत्या.

दुपारी छिन्नीवाले येणार होते. लाल रेघ बदलता येते, कोरलेली नाही. आणि डोळे अधू झाल्याचं मुकादम पाशेदला कळलं, तर कुंचला जाऊन हाती दगडांची टोपली येणार होती.

"कधीपासून?" नाखीने विचारलं.

"पुराच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीस. डाव्या भिंतीवाले माणसं खातात काय?"

मग नाखीनेच पाशेदला हाक मारली. आमेनवाने कुंचला खाली ठेवला.

पाशेदने दिवा जवळ धरला, सगळं ऐकलं आणि काळ्या रेघेने राजाची उंची दुरुस्त केली. मग बराच वेळ तो राजाच्या हनुवटीकडे बघत राहिला.

"मोजायला माझ्याकडे माणसं आहेत, चेहऱ्याला नाहीत," तो म्हणाला. "नाखी, उद्यापासून याचं सूत तू मार."

"काका, दोन भिंतींची हमाली?"

"तुला चेहरा येतो?"

"माझ्या राण्या बदकासारख्या दिसतात, हे गावाला माहीत आहे."

"मग झालं."

दुपारी आमेनवाने भाकरीचा मोठा तुकडा नाखीपुढे सरकवला. नाखीने तो घेतला आणि वर कांदाही मागितला.

संध्याकाळी डोंगरावरच्या झोपडीत आमेनवाने कारागिरांच्या देवापुढे, प्ताहपुढे, पाणी ओतलं. डोळे मागितले नाहीत. रेघ शिकवणाऱ्या बापाचं नाव घेतलं, मग पाशेदचं, मग नाखीचं.

उद्या दहा दिवसांच्या आठवड्याचा सातवा दिवस, कामाचाच. पहिली वात पेटली की उजव्या भिंतीवर नाखी सूत मारील आणि चौकोन मोठ्याने मोजील. रेघ आमेनवा ओढील.