मागून दिसणारे पाय

माझी भाची गार्गी महापालिकेच्या तलावावर पोहायला जाते. काल ती मोबाइलवर बेलारूसच्या एका तरुण जलतरणपटूचा व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत होती. खाली हजारो कॉमेंट, आणि जवळजवळ सगळ्या त्याच्या हसण्यावर.

"तूही याची फॉलोअर का गं?" मी चिडवलं.

"मावशी, तू चेहराच बघत बसलीस. पाय बघ ना, कसे थेट कमरेतून हलतात!" ती वैतागली. "लेनमध्ये आम्ही एकामागे एक पोहतो, तेव्हा पुढच्याचे पायच दिसतात."

फॉलो करणं म्हणजे मागे जाणं, हे मी विसरलेच होते. त्याच्या लाखो फॉलोअरांत खरंच त्याच्या मागे पोहणारी मला ही एकटीच भेटली.