सांस चलेगी ना?

फरीदाबादच्या एका इस्पितळात, आयसीयूच्या काचेबाहेर, पानिपतचा एक ब्लँकेटवाला बसला होता. मिशा अशा, की पानिपतची चौथी लढाई त्यांवर लढता यावी. त्याने मला विचारलं, "भाईसाब, सांस अपने आप चलेगी ना?" दिल्लीकडे मी नवा, मला वाटलं, सासूबद्दल विचारतोय. म्हटलं, "चलेगी, लकड़ी पकड़के!" त्याने गोंधळून नर्सकडे बघितलं.

नर्सने मला समजावलं, की त्याच्या बायकोचं श्वासाचं यंत्र काढताहेत. आता मेंदूच्या देठानेच, म्हणजे मेंदूच्या तळाच्या, श्वास चालवणाऱ्या भागाने, नसांवाटे छातीला हुकूम द्यायला हवा. मी शरमेने अर्धा झालो.

त्याने स्वतःचाही श्वास रोखला. "पहले वो लेगी." पठ्ठ्या वांग्यासारखा जांभळा झाला, पण त्याच्या देठाने ऐकलं नाही, भस्सकन श्वास घ्यायला लावलाच. काचेआड तिचीही छाती हलली. आधी कोणाची, देवाशपथ, मला अजून कळलेलं नाही.