खालून वर आलेला धूर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्टनं वर जाता येत नाही, ही त्या धंद्यातली जुनी थट्टा आहे. लिफ्ट बंद पडल्याशिवाय त्याला कोणी बोलावत नाही आणि ती बंद असते म्हणून त्याला जिना चढावा लागतो. उस्तादानं अर्धं आयुष्य असे जिने चढण्यात घालवलं होतं. कंपनीत सगळे त्याला उस्तादच म्हणायचे, कारण नवा माणूस आला की आधी त्याच्या हाताखाली जायचा. त्याचा मेहुणाही तसाच तयार झाला. बायकोचा हा धाकटा भाऊ कुठंच टिकत नव्हता. उस्तादानं साहेबांकडे शब्द टाकून त्याला कंपनीत चिकटवलं आणि स्वतःचा जोडीदार करून घेतलं. तेव्हापासून उस्ताद वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, मेहुणा खाली तळमजल्यावर आणि दोघांच्या मध्ये फोन, अशी कामाची वाटणी ठरून गेली.

दोघंही सिगरेटी ओढायचे. उस्ताद जरा जास्तच. सकाळी त्याचा खोकला सुरू झाला की शेजारचे घड्याळ लावून घेतात, असं त्याची बायको म्हणायची. सोडायचे प्रयत्न त्यानं केले होते, पण ते सगळे दोन-चार दिवसांत आटपायचे.

मग एका जुन्या उंच इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी बाई होती. मशीनचा ब्रेक सोडून, चाक हातानं फिरवून लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणायची, एवढंच काम होतं, पण त्यासाठी वर पोचणं भाग होतं. अर्ध्याहून थोडा जास्त जिना चढून झाला आणि उस्तादाची छाती भात्यासारखी हलायला लागली. तो पायरीवरच बसला. भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला, "बाहेर कोणी आहे का?" तो इतका जवळ होता की हात लांब केला असता तर दार वाजवता आलं असतं. पण "आहे" एवढा शब्द काढायलासुद्धा त्याच्याकडे श्वास नव्हता. ती विचारत राहिली आणि तो ऐकत राहिला. शेवटी मेहुणा धावत वर आला, त्याला ओलांडून गेला आणि त्यानंच चाक फिरवलं.

उस्तादाला ते फार लागलं. घरी आल्यावर त्यानं बायकोसमोर पाकीट टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "आता बास."

मेहुणा सोबत आला होता. त्यानं आपल्या खिशातलं पाकीट काढून त्यावर ठेवलं. "दाजी, एकट्यानं होत नाही हे. आपण दोघं मिळून सोडू. तुम्ही माझ्याकडे बघा, मी तुमच्याकडे बघतो."

बायकोनं दोन्ही पाकिटं पाण्यात भिजवून केराच्या डब्यात टाकली. भावाच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढचे दिवस उस्तादानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. चहा घेतला की हात आपोआप खिशाकडे जायचा. पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, कोणी नुसतं "काय चाललंय" विचारलं तरी अंगावर धावून जायचा. मुलीच्या हातून पेला पडला म्हणून तिला इतकं बोलला की नंतर त्यालाच लाज वाटली. पण मेहुणा होता ना. काम करताना तो आपले दोन्ही हात पुढं धरायचा, "बघा दाजी, माझेही थरथरतायत." कधी फोन करून म्हणायचा, "आज फार वाईट दिवस आहे, काहीतरी बोला." मग उस्ताद आपली तलफ विसरून त्याला धीर द्यायचा. त्याची समजूत काढता काढता आपला दिवस निघून जातो, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

हळूहळू फरक पडला. आधी सकाळचा खोकला गेला. मग एक दिवस तो बोलत बोलत चौथ्या मजल्यावर पोचला आणि तिथं त्याला कळलं की आपण मध्ये थांबलोच नाही. घरी जेवताना पहिल्याच घासाला म्हणाला, "भाजी खारट झालीय." बायको हसायला लागली. गेली कित्येक वर्षं ती याच्या मेलेल्या जिभेच्या मापानं मीठ घालत होती आणि सगळं घर मुकाट्यानं ते खात होतं. नाक तर असं उघडलं की त्याचंच त्याला नवल वाटायचं. ग्रीसचा वास वेगळा, तापलेल्या वायरचा वेगळा, कोणाच्या घरी कपडे धुऊन वाळत घातलेत, तेही जिन्यातूनच कळायचं. मुलगी पुन्हा त्याला टेकून बसायला लागली.

ज्याला त्याला तो सांगायचा, "मेहुणा नसता तर माझ्यानं झालं नसतं." कंपनीतला स्टोअरकीपर एकदा म्हणाला, "तुझा मेहुणा मागच्या बोळात दिसला मला. तोंडात होती." उस्ताद त्याच्यावर असा उखडला की बघणारे गोळा झाले. "चांगल्या माणसावर चिखल उडवायला लाज नाही वाटत?" त्यानंतर तो स्टोअरकीपरशी बोलेनासा झाला. सामान घ्यायलासुद्धा दुसऱ्याला पाठवायचा.

त्या दिवशी काम साधंच होतं. उस्ताद वर मशीनरूममध्ये बेअरिंगला तेल देत होता. मेहुणा खाली लिफ्टच्या दाराशी. मशीनरूमच्या जमिनीत लिफ्टचे दोरखंड जायला भोकं असतात आणि लिफ्टची ती उभी पोकळी धुराड्यासारखी हवा वर ओढते. उस्तादाचा हात थांबला. भोकातून सिगरेटचा वास वर येत होता, ओळखीचा. एवढंच नाही, ब्रँडही ओळखीचा होता.

त्याला आधी वाटलं, इमारतीतलं कोणीतरी असेल. त्यानं फोन लावला. "खाली कोणी आहे का तुझ्याजवळ?"

"कोणी नाही दाजी. मी एकटाच आहे."

उस्तादानं तेल देऊन संपवलं, हत्यारं पुसून पिशवीत भरली, आणि एकेक पायरी मोजल्यासारखा खाली उतरला. घाई करून पकडायचं त्याच्या मनात नव्हतं. उलट थोडा वेळ मिळाला तर बरं, काहीतरी दुसरं निघेल, असंच वाटत होतं. मेहुणा पेपरमिंटची गोळी चघळत उभा होता.

"हात पुढं कर," उस्ताद म्हणाला.

मेहुण्यानं केले. ते जरासुद्धा थरथरत नव्हते. उस्तादानं बोटं नाकाशी नेली आणि सोडून दिली.

"कधीपासून?"

मेहुणा खाली बघत राहिला. "दाजी, पहिले चार दिवस खरे होते. आईशप्पथ. पाचव्या दिवशी राहवलं नाही."

"आणि ते फोन?"

"तुम्ही चांगले निभावत होतात. मी ढासळलो असं कळलं असतं तर तुम्हीही ढासळला असतात."

उस्ताद पिशवी खांद्याला लावून निघाला. घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "तुझा भाऊ ओढतोय." तिचे हात क्षणभर थांबले, पण तिनं 'काय?' असं विचारलं नाही. तेवढ्यावरूनच त्याला कळलं.

"तुलाही माहीत होतं."

"तो माझ्याकडे रडत आला होता," ती म्हणाली. "मीच म्हटलं, यांना सांगू नकोस. निदान एक तरी वाचेल. मग काय करायला हवं होतं मी? तुम्हाला त्या पायरीवर पुन्हा बसलेलं बघायचं होतं?"

"मी एका माणसाशी भांडलो त्याच्यासाठी. घरी येऊन सांगितलं, ते तू बसून ऐकलंस."

"ऐकलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही जिने चढताय तेही बघितलं."

तिचं चुकत नव्हतं, म्हणून राग जास्तच येत होता. मेहुण्यानं सिगरेट ओढली याचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. ती सुटणं किती कठीण, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण आपण ज्याला धीर देत होतो त्याला धीराची गरजच नव्हती, हे त्याला सहन होईना. आपण जीव तोडून बोलत होतो आणि पलीकडे तो फोन कानाला लावून झुरके घेत असेल. दोघांनी मिळून केसानं गळा कापला होता, आणि वर म्हणत होते, तुझ्याच भल्यासाठी.

तो तसाच बाहेर पडला, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं एक सिगरेट घेतली आणि समोरच्या बसथांब्यावर बसला. बसगाड्या आल्या, गेल्या. ती त्यानं ओठात धरली, काडी पेटवली, आणि काडी विझेपर्यंत नुसता बघत बसला. आता ओढली तर ते सगळे दिवस त्या दोघांचेच ठरतील, असं त्याच्या मनात आलं. ते दोघं खोटे होते. पण डोकं माझं ठणकलं होतं, मुलीवर मी ओरडलो होतो, आणि तरी हात मी आवरला होता. त्यानं सिगरेट चुरगळली. त्यात काही मोठेपणा नव्हता. निव्वळ हट्ट होता.

दुसऱ्या दिवशी तो आधी स्टोअरकीपरकडे गेला. "तू खरं सांगत होतास," एवढंच म्हणाला. स्टोअरकीपरनं स्टूल पुढं सरकवलं. मग साहेबांना सांगून त्यानं जोडीदार बदलून घेतला. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "घरचं आहे."

मेहुणा पुढं दोन-तीनदा घरी आला. उस्ताद त्याच्याशी वाकडं बोलला नाही, पण सरळही बोलला नाही. एकदा जेवणं झाल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, आता खरंच सोडायचीय. तुम्ही मला मदत कराल?"

"सोड," उस्ताद म्हणाला. "पण मला सांगू नकोस. तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवणार नाही, आणि मग मलाच त्रास होईल."

बायकोशी बोलणं पूर्ववत झालं. संसारात ते व्हावंच लागतं. फक्त ती काही सांगायला लागली की तो आता तिच्या चेहऱ्याकडे बघतो, आधी बघायचा नाही. जिने तो न थांबता चढतो. नवा जोडीदार खालून विचारतो, "पोचलात का?" आणि उस्ताद लगेच उत्तर देतो.