आठ दिवसांचं पीठ

वडस्याच्या रेल्वे क्वार्टरात दोन घरांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे शेजारचं भांडण ऐकायला मुद्दाम कान द्यावा लागत नसे. मनकर्णाबाईचा नवरा रामाजी गँगमन होता. पलीकडे तिकीटबाबू शालोम नवगावकर आणि त्यांची बायको सिप्पोराबाई नुकतेच बदलून आले होते. माणसं कोकणाकडची, धर्म यहुदी. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं.

त्या चैत्रात त्यांचा वल्हांडणाचा सण तोंडावर आला. आठ दिवस घरात आंबलेलं काही ठेवायचं नाही, पाव नाही, गव्हाचं पीठ नाही. आंबट रसाच्या बरणीचंही तोंड फडक्यानं बांधायचं. मुंबईहून टपालानं मागवलेली बिनखमिराची भाकर चुरा होऊन आली होती. ती पहिल्या रात्रीपुरती. पुढे तांदळाची भाकर करायची, पण गावच्या चक्कीत तांदळाच्या आधी गहू दळलेला असायचा. बाबू म्हणत होते, आठ दिवस नुसता भात खाऊ. बाई म्हणत होत्या, ताटात भाकर नसेल तर तो सण कसला.

"आणि चक्कीचं आणलं तर इथे कोण बघतंय?" बाबू म्हणाले.

"मी बघते ना," बाई म्हणाल्या. भांडण तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं कुंपणाशी जाऊन सांगितलं की आपल्या जात्यावर गहू कधी पडलेला नाही. यात फुशारकी नव्हती. धानाच्या मुलखात गहू यायचा तो पाहुण्यांपुरता, आणि तोही चक्कीवर जायचा. सिप्पोराबाईंनी तांदूळ दिले.

पीठ मऊ व्हावं म्हणून मनकर्णाबाईनं ते अनरशासारखे तीन दिवस भिजवले, सुकवले आणि दळले. तिच्या माहेरी चांगल्या पिठाची रीत हीच होती. सिप्पोराबाईंनी डबा उघडून वास घेतला आणि हळूच झाकण लावलं. हे आंबलंय, म्हणाल्या. सण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणार होता.

मनकर्णाबाईला राग आला. दंड तिचे दुखत होते.

"एवढं काऊन करता बाई? आमी त देवधरम सारं सोडून देलं."

"आमचे लोक गुलामीतून निघाले ना, तेव्हा पीठ फुगेपर्यंत थांबायलासुद्धा वेळ नव्हता. तसेच निघाले. म्हणून."

मनकर्णाबाईनं डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "माहा बाबा धम्माची दीक्षा घ्याले चांद्याले निघाला, तवा चुलीवर भात शिजून राह्यला होता. माय म्हणे, जेवून जा. तो थांबला नाई." आणि तिनं हात पुढे केला. "कोरडे तांदूळ द्या."

सण लागायच्या आत पीठ पोचलं. आंबलेल्या पिठाची धिरडी रामाजीनं चार दिवस खाल्ली आणि नवगावकरांच्या देवाला दुवा दिला.

तेव्हापासून दर चैत्रात जातं धुवायचं, उन्हात ठेवायचं, पहिली मूठ दळून गाईला घालायची, मग बाईंचं पीठ. क्वार्टर सुटलं, रामाजी गेला, बाबू गेले. सिप्पोराबाईंनी रेल्वे फाटकापलीकडे घर बांधलं होतं, मुलगा ठाण्याला बोलवायचा तरी त्या गेल्या नाहीत. "तुमच्या देवाचं नाक लय तिखट," मनकर्णाबाई डबा देताना म्हणायची. "नाक माझं आहे," बाई म्हणायच्या.

मागल्या वर्षी सण चार दिवसांवर असताना मनकर्णाबाईला जात्याच्या खाचेत गव्हाचा कोंडा दिसला. सून नंदिनीनं नातीच्या लापशीसाठी दलिया भरडला होता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती ओशाळली, मग म्हणाली, "आई, त्या बाईले आता डोयानं काई दिसत नाई. कोणाले समजते?"

"मले त दिसते ना," मनकर्णाबाई म्हणाली.

धुऊन कोंडा निघेना. तिनं दोन्ही पाळ्या ऑटोत घातल्या आणि जात्याला टाकी लावणाऱ्या सुकलूकडे नेल्या. सुकलूला जातं पाहून बरीच वर्षं झाली होती. आधी त्याला छिन्नी शोधावी लागली. त्यानं दगडाच्या तोंडाला सगळीकडे नव्यानं टाकी लावली. पूर्वी एका दिवसात होणारं दळण तिच्या थकल्या हातांनी त्या खेपेला अडीच दिवस चाललं. मधे नंदिनी खुंट्याला हात लावायला आली, तिला आधी हात धुवायला लावले.

त्या वर्षी पाऊस लागायच्या आतच मनकर्णाबाई वारली, म्हणजे पीठ पोचवायचा तो तिचा शेवटचा फेरा. ती पीठ घेऊन निघाली तेव्हा फाटक बंद होतं. मालगाडी गेली, तोवर ती डबा डोक्यावर घेऊनच उभी होती. खाली ठेवला नाही. सिप्पोराबाईंनी ओसरीत डबा चाचपला, झाकण काढून वास घेतला, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

"यंदा जाडं आहे गं."

"दगडाची टाकी नवी हाय, बाई. हात माहा जुनाच हाय."

बाई हसल्या. आंबट रसाची बरणी कोनाड्यातून खाली घेतलेली होती. त्यांना गाठ दिसेना, म्हणून मनकर्णाबाईनं फडकं बांधून दिलं. चहा घेतला. घरी आंबील करायची आहे म्हणाली, रिकामा डबा काखेत मारला आणि फाटकाच्या वाटेला लागली.