वाहता समुद्र

धुळ्यात मी फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचो. रंगीत फोटो नुकते आले होते. लग्न झालं की जोडपं स्टुडिओत यायचं आणि माझ्या समुद्रापुढं उभं राहायचं. समुद्राचं मला लहानपणापासून वेड. पाहिलेला मात्र फक्त कॅलेंडरवर.

एकदा कोकणातून बदली होऊन आलेले एक पोस्टमास्तर फोटोला आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "चित्रकार, तुमचा समुद्र वाहतोय हो." मी नीट पाहिलं. खरंच, सगळं पाणी डावीकडून उजवीकडं निघालेलं. पांझरेच्या काठी वाढलेला मी. पाणी म्हणजे वाहणार, एवढंच हाताला ठाऊक. बारा वर्षं हेच करत होतो. फार लाज वाटली.

दिवाळीनंतर एस.टी. बदलत बदलत अलिबागला गेलो. अंग आंबून गेलं. दोन दिवस नुसता वाळूत बसून राहिलो. लाटा समोरून, थेट माझ्याकडं यायच्या, मागं फिरायच्या, परत यायच्या. मला रडू आलं. आता या वयात सांगायला कसली लाज!

घरी येऊन महिनाभर खपलो आणि नवा पडदा केला. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. तो टांगला त्या दिवशी मुद्दाम स्टुडिओतच थांबलो. आता तरी कुणाला माझा समुद्र दिसावा, एवढंच वाटत होतं.

साक्रीकडचं जोडपं आलं. नवरी पडद्यापुढं उभी राहिली आणि सारखी मागं वळून बघत पुढं सरकू लागली. फोटोवाला मागं व्हा म्हणतोय, ती कसली होते. शेवटी तिची सासू भिंतीवरच्या जुन्या फोटोंकडं बोट दाखवून मला म्हणाली, "भाऊ, हाई पानी आंगवर यी ऱ्हायनं. पोर घाबरी गई. तो नदीना पडदाच लाई द्या."

नदीचा पडदा. म्हणजे बारा वर्षं लोक त्याला नदीच समजत होते. आणि जिला आज खरा समुद्र दिसला, तिला तो नको होता.

"गिऱ्हाईक म्हणतंय ते लावा," मालक म्हणाले. मी स्टुलावर चढलो, सुतळी सोडली, जुना पडदा टांगला. नवरी निवांत उभी राहिली. फोटो छान आला.

मालकांनी मग तसलेच आणखी चार पडदे सांगितले. मी पुन्हा पाणी डावीकडून उजवीकडं ओढू लागलो, आता मात्र जाणूनबुजून. पूर्वी एक पडदा दोन दिवसांत हातावेगळा व्हायचा. आता आठवडा लागायचा.