चमच्याने पाजलेलं पाणी

काल सुरतेच्या कारखान्यात ऊन फार म्हणून सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं. पहिल्याच घोटाला आमचं ब्राह्मणपुरीचं घर डोळ्यांसमोर आलं.

मी लहान होते तेव्हा माझी धाकटी बहीण सखू जुलाबांनी पार सुकली होती. रडायची, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. आई तिला पाणी देत नव्हती. "पानी दिधं ते आखो जुलाब व्हतीन," पाण्याने जुलाब वाढतात, असंच सगळे म्हणायचे. तेवढ्यात नर्सताई आल्या. त्यांनी पाण्यात मीठ-साखर विरघळवली, चमचा सखूच्या ओठांना लावला आणि आईला म्हणाल्या,

"बाई, केळ सुकाले लागनी ते तिले पानी देवानं बंद करस का तू?"

दिवेलागणीला सखू रडली, तेव्हा गालावर ओघळ आला. मी हसले. आईने मात्र हळूच विचारलं, "मंग मन्हा रामूले बी पानीच लागत व्हतं का?"

रामू आमचा भाऊ. आदल्या उन्हाळ्यात असाच जुलाबांनी गेला होता.

ताई बोलल्या नाहीत, चमचा आईच्या हातात दिला. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. त्यांचे उपकार आता कळतात, आणि ते गप्प राहणंही.

माझी शाळा लहानपणीच सुटली, पुढे कामासाठी मी इकडे सुरतेला आले. माझा मुलगा गावी आईपाशी आहे. फोनवर मी आधी हेच विचारते, "पाणी पितो ना?"

आई "हा" म्हणते. मग फोन तसाच चालू ठेवून त्याला पुन्हा पाणी पाजायला उठते.